‘गेममुळे मारलं’: कोल्हापुरातल्या नववीच्या एका मुलाचं प्रकरण

शाळेच्या नोंदवहीत या प्रकरणाचं कारण एका ओळीत लिहिलं गेलं: ‘मोबाईलवरील हिंसक गेमच्या आहारी गेल्यामुळे विद्यार्थ्याने वर्गमित्रास मारहाण केली.’ खाली वर्गशिक्षिकेची सही, मुख्याध्यापकांची सही आणि मुलाच्या वडिलांचीही सही. तीन मोठ्या माणसांनी सह्या केल्यावर कारण पक्कं झालं. ज्याने मारलं त्याला ‘का मारलंस’ हे मात्र तोवर कुणी विचारलं नव्हतं.

मी शाळांमध्ये समुपदेशनाचं काम करतो. हे प्रकरण माझ्याकडे आलं ते ‘याचा गेम सोडवा’ एवढ्याच मागणीसह. मुलाची, त्याच्या घरच्यांची आणि ज्याला लागलं त्या मुलाची ओळख पटू नये म्हणून गल्ली, कामाची जागा आणि काही बारीकसारीक तपशील बदलले आहेत. दोन्ही घरांना विचारूनच हे लिहितो आहे. हिंसक गेममुळे मुलं आक्रमक होतात का, हा प्रश्न पालकसभेत हमखास निघतो आणि उत्तर देणारा प्रत्येकजण कुठल्या तरी बातमीच्या जोरावर देतो. निदान एका मुलाच्या बाबतीत तरी सगळे धागे सुटे करून पाहावेत, असं मला वाटलं.

पाण्याच्या टाकीपाशी

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा नुकती सुरू झाली होती. मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीपाशी नववीची काही मुलं-मुली उभी होती. तिथे या मुलाने त्याच्याच वर्गातल्या, त्याच्याच गल्लीतल्या एका मुलाच्या तोंडावर स्टीलची बाटली मारली. भुवईच्या वर खोक पडली, टाके घालावे लागले. डोळा थोडक्यात वाचला. मारताना तो ‘फिनिश करतो तुला’ असं ओरडल्याचं दोन शिक्षकांनी ऐकलं. बीजीएमआय हा मोबाईलवरचा नेमबाजीचा गेम खेळणाऱ्या पोरांच्या तोंडी ‘फिनिश’ हा शब्द दिवसभर असतो, हे आता शिक्षकांनाही माहीत आहे. त्यामुळे पुढे काही शोधायची कुणाला गरजच वाटली नाही.

माझ्यासमोर बसल्यावर मुलाचं पहिलं वाक्य होतं, “गेममुळं झालं सर. डिलीट केलाय. परत खेळणार नाही.” पाठ केलेलं उत्तर लगेच कळतं. मी गेमचा विषयच काढला नाही. आदल्या संध्याकाळपासूनचं सांग म्हटलं: कुठे होतास, काय खाल्लंस, कधी झोपलास. दुसऱ्या भेटीत ते सगळं बाहेर आलं.

आदल्या संध्याकाळी तो गल्लीच्या तोंडाशी कट्ट्यावर बसून खेळत होता. चौघांचा स्क्वॉड, शेवटचा झोन, समोर एकच टीम उरलेली. वडील पहिली पाळी संपवून, बाजार करून घरी आले होते. त्यांनी दोनदा हाक मारली. “दोन मिनिटं पप्पा, संपतच आलंय,” असं याने मान वर न करता सांगितलं. वडिलांनी येऊन दोन कानाखाली वाजवल्या आणि फोन हिसकावून घेतला. कट्ट्यावर पाच-सहा पोरं होती, समोरच्या दारात बायका होत्या. त्या रात्री तो जेवला नाही. झोपही लागली नाही. सकाळी चहासुद्धा न घेता शाळेत गेला. मधल्या सुट्टीत त्या वर्गमित्राने, जो आदल्या दिवशी कट्ट्यावर हजर होता, वडिलांची नक्कल करून दाखवली. पप्पांनी कसं वाजवलं, हा कसा गाल धरून उभा राहिला, सगळं साभिनय. मुली हसल्या. त्याने पुन्हा करून दाखवलं. तिसऱ्यांदा हात वर केला तेव्हा बाटली लागली.

हे त्याने शाळेत का सांगितलं नाही, असं विचारलं तर तो म्हणाला, “ते सांगितलं असतं तर पप्पांनी मला मारलं हे सगळ्यांस्नी कळलं असतं की.”

या प्रकरणाची किल्ली मला या वाक्यात सापडली. गेम हे कारण सगळ्यांच्याच सोयीचं होतं. मुलाला आपला अपमान लपवता आला. वडिलांना गल्लीतल्या त्या दोन थपडांचा उल्लेख करावा लागला नाही. शाळेच्या आवारात एक मुलगा दुसऱ्याची टर उडवत होता आणि तिकडे कुणाचंच लक्ष नव्हतं, हे शाळेला लिहावं लागलं नाही. ज्याला लागलं त्याच्या घरालाही आपल्या मुलाने काय केलं होतं ते ऐकावं लागलं नाही. कुणीही जाणूनबुजून खोटं बोललं, असं मी म्हणत नाही. सगळ्यांना मनापासून तसंच वाटत होतं. म्हणूनच त्या ओळीवर तीन सह्या झाल्या.

घरात

दोन खोल्यांचं घर. वडील शिरोलीच्या एमआयडीसीत व्हीएमसी मशिनवर कामाला, दर आठवड्याला पाळी बदलते. रात्रपाळीच्या आठवड्यात ते दिवसा आतल्या खोलीत झोपतात आणि बाकीचं घर बाहेरच्या खोलीत दबक्या आवाजात वावरतं. आई घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. आजी आहे. धाकटी बहीण पाचवीत.

स्मार्टफोन घरात आला तो २०२० साली, शाळा बंद झाल्यावर, ऑनलाइन तासांसाठी. हप्त्यावर घेतला. तेव्हा हा प्राथमिक शाळेत होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सरकारने पबजीवर बंदी घातली, त्यामुळे त्याने सुरुवात केली ती फ्री फायर या तशाच गेमने. फेब्रुवारी २०२२ मध्ये तोही बंद झाला, तर त्याची ‘मॅक्स’ आवृत्ती चालूच राहिली. पबजीचा भारतीय अवतार म्हणजे बीजीएमआय २०२१ मध्ये आला, जुलै २०२२ मध्ये स्टोअरवरून काढला गेला, मे २०२३ मध्ये परत आला. एकेक दार बंद झालं तसा हा पुढच्या दाराने आत गेला, आणि या सगळ्या बंद्या कुठल्या होत्या हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. बंदी हा पालकांच्या हातातला उपाय नाही, एवढं यातून मला दिसलं.

वडील पहिल्यांदा भेटले तेव्हा अवघडून बसले होते. “मी काय त्याला लई मारत न्हाई सर. पण ऐकतच न्हाई म्हटल्यावर हात उठतोय.” मग थोडं थांबून म्हणाले, “त्या काकतीचं ऐकलंय न्हवं तुम्ही?” सप्टेंबर २०१९ मध्ये बेळगावजवळच्या काकतीत पबजीवरून झालेल्या वादातून मुलाने वडिलांचा खून केल्याची बातमी आली होती. कोल्हापुरातून बेळगाव लांब नाही आणि ती बातमी इथल्या घराघरांत पोहोचली. या माणसाच्या मनात ती तेव्हापासून घर करून होती. मुलाने उलट उत्तर दिलं की त्याला तीच बातमी आठवे, आणि भीतीपोटी हात उठे. त्याची भीती खोटी नव्हती. पण अशा बातम्यांमधून आपल्याला एका घराचा शेवटचा दिवस कळतो, त्याआधीची वर्षं कळत नाहीत. देशभर लाखो मुलं हेच गेम खेळून रात्री गपगुमान जेवायला बसतात, त्यांची बातमी कधीच होत नाही.

आईचं निरीक्षण वेगळं होतं आणि जास्त नेमकं होतं. “मोबाईल काढून घेतला की अंगावर येतंय बघा. आणि खेळून उठलं की बारकीला उगीच ढकलतंय, खोड्या काढतंय.” हे दोन वेगळे मुद्दे आहेत, हे तेव्हा तिच्याही लक्षात आलं नसावं. पुढे त्यांचाच उपयोग झाला.

मुलाला व्यसन आहे का, हेही पाहिलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात, जे जानेवारी २०२२ पासून लागू झालं, ‘गेमिंग डिसऑर्डर’ची नोंद आहे. खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा गेमला जास्त महत्त्व येणं, नुकसान दिसत असूनही खेळत राहणं, आणि हे साधारण बारा महिने चालून आयुष्याची घडी विस्कटणं, असे त्याचे निकष आहेत. गेममध्ये बंदूक आहे की शेती आहे, याचा त्या निकषांशी संबंध नाही. हा मुलगा रोज शाळेत जात होता, रविवारी फुटबॉल खेळत होता, आजीला दवाखान्यात घेऊन जात होता. निकषांत तो बसत नव्हता. झोप मात्र पार बिघडलेली होती.

वही

तर्क लढवण्यापेक्षा नोंद ठेवू, असं ठरलं. शंभर पानी एक वही केली. आईने आणि मुलाने मिळून लिहायची. रोज कोणता गेम खेळला, जिंकला की हरला, गेम स्वतः थांबवला की कुणी थांबवला, रात्री किती वाजता झोपला, आणि दिवसभरात आरडाओरडा, ढकलाढकली, आदळआपट कधी झाली. वडिलांची पाळी कुठली होती तेही लिहायचं. मुलाला सुरुवातीला ही शिक्षा वाटली. मग त्याला त्यात रस येऊ लागला, कारण आईने लिहिलेलं त्याला खोडता येत होतं आणि त्याने लिहिलेलं आईला.

काही आठवड्यांनी वही समोर ठेवून तिघांनी वाचली. सर्वांत ठळक दिसलं ते हे, की भडका उडायचा तो जवळजवळ नेहमी गेम मध्येच तोडला गेल्यावर. बीजीएमआयची एक मॅच साधारण अर्धा तास चालते. मधूनच उठलं तर पॉइंट जातात, रँक खाली येते आणि बाकीचे तिघे शिव्या घालतात, त्या वेगळ्याच. घरच्यांच्या लेखी ‘ठेव तो फोन’ म्हणजे एक बटण दाबणं. त्याच्या लेखी तीन मित्रांना ऐन वेळी सोडून पळून जाणं.

दुसरी गोष्ट झोपेची. रात्री बारानंतर झोपला की दुसऱ्या दिवशी सकाळी हमखास काहीतरी बिनसायचं, मग आदल्या रात्री गेम खेळला असो की रील पाहत लोळला असो.

तिसरी गोष्ट मला अपेक्षित नव्हती. बहिणीशी सर्वांत मोठं भांडण झालं ते लुडोवरून. तिने त्याची सोंगटी घराच्या तोंडाशी मारली, याने फोन भिरकावला आणि तिचा हात पिरगाळला. फोनवरच्या फुटबॉलच्या गेममध्ये नेट अडकून शेवटच्या मिनिटाला गोल बसला, त्या दिवशी कपाटाच्या दाराला पोचा पडला. रक्त नाही, बंदूक नाही, तरी राग तोच.

वडिलांच्या रात्रपाळीचे आठवडे तर वेगळे उठूनच दिसत होते. त्या आठवड्यांत सगळ्यांच्याच नोंदी वाईट होत्या, आईच्या स्वतःच्यासुद्धा.

पण आईचा दुसरा मुद्दाही वहीत होता आणि तो मी झाकून ठेवणार नाही. नेमबाजीचा गेम लागोपाठ खेळून उठल्यावर थोडा वेळ तो बहिणीशी आडदांडपणे वागायचा. भांडण नसताना चापट, पाठीत गुद्दा. पाऊण-एक तासात ते निवायचं. एका मुलाच्या वहीतून कार्यकारण सिद्ध होत नाही. पण आई चुकीचं पाहत होती, असंही म्हणता येत नाही.

अभ्यासकांनी काय मोजलं आहे

आईने पाहिलेला तो आडदांडपणा संशोधनात सापडतो का? सापडतो, लहान आकारात. क्रेग अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये एक लाख तीस हजारांहून अधिक लोकांवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला आणि हिंसक गेम व आक्रमकता यांचा संबंध आहे, असा निष्कर्ष काढला. ख्रिस्तोफर फर्ग्युसन यांनी त्याच वर्षी त्यावर आक्षेप घेतला. हा वाद आजही मिटलेला नाही. २०१८ मध्ये अॅना प्रेस्कॉट आणि सहकाऱ्यांनी, एकाच मुलाला काही काळाने पुन्हा तपासणारे २४ अभ्यास एकत्र केले, त्यांत सतरा हजारांहून अधिक मुलं होती. सुरुवातीचा आक्रमकपणा वजा केल्यावरही संबंध उरला, पण साधारण ०.११ इतका. २०२० मध्ये ड्रमंड, सॉअर आणि फर्ग्युसन यांनी अशाच २८ अभ्यासांमधून आकडा काढला तो ०.०६ च्या आसपास. हे सहसंबंधाचे आकडे आहेत: ० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पुरता संबंध. ढोबळ हिशोब असा, की मुलामुलांच्या आक्रमकतेत जो फरक दिसतो त्याच्या शंभर भागांपैकी एखादा भाग, किंवा त्याहूनही कमी, गेमच्या खात्यावर टाकता येतो. उरलेले नव्व्याण्णव भाग कुठे आहेत हे विचारायचं सोडून आपण त्या एका भागावर सगळी पालकसभा घालवतो.

या मुलाच्या वयाच्या मुलांवरचा एक अभ्यास मला विशेष मोलाचा वाटतो. ऑक्सफर्डचे अँड्र्यू प्रिझबिल्स्की आणि नेटा वाइनस्टाइन यांनी २०१९ मध्ये ब्रिटनमधली १४-१५ वर्षांची १,००४ मुलं-मुली घेतली. काय मोजणार आणि कसं मोजणार हे आकडे हाती येण्याआधीच जाहीर करून टाकलं, म्हणजे नंतर सोयीचं ते उचलायला जागा उरत नाही. गेम हिंसक आहे का, हे मुलांना न विचारता अधिकृत वर्गवारीवरून ठरवलं. मुलगा कसा वागतो, हे घरच्या मोठ्या माणसांना विचारलं. हिंसक गेम आणि आक्रमक वागणं यांचा संबंध त्यांना आढळला नाही.

‘आक्रमकता’ मोजली कशी जाते, हेही पालकांना कळायला हवं. प्रयोगशाळेत माणसाला थोडा वेळ गेम खेळायला देतात. मग समोरच्याच्या कानात किती मोठा आवाज वाजवशील, किंवा तिखट न आवडणाऱ्या माणसाला किती झणझणीत सॉस चाखायला देशील, हे पाहतात. नैतिकदृष्ट्या याहून पुढे जाता येत नाही, हे खरंच. पण सॉसच्या चमच्यावरून स्टीलच्या बाटलीपर्यंत उडी मारणं धोक्याचं आहे. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने २०२० मध्ये आपली भूमिका नव्याने मांडताना हीच मर्यादा आखली. ओरडणं, ढकलणं अशा वागण्याशी लहानसा पण सातत्याने दिसणारा संबंध आहे. गंभीर हिंसा गेममुळे घडते असं म्हणण्याइतका पुरावा नाही. मला हे विधान दोन्ही बाजूंनी प्रामाणिक वाटतं. आईची ‘बारकीला ढकलतंय’ ही नोंद पहिल्या भागात बसते, वडिलांची काकतीची भीती दुसऱ्या भागात.

आणि लुडोचं काय? कॅनडात पॉल अडाची आणि टीना विलोबी यांनी २०११ मध्ये नेमका हाच प्रश्न विचारला होता: माणूस चिडतो तो रक्तपाताने की चुरशीने? त्यांच्या प्रयोगात मारामारीचा चुरशीचा गेम आणि गाड्यांच्या शर्यतीचा तितकाच चुरशीचा गेम खेळणारे सारखेच आक्रमक निघाले. हिंसक पण कमी चुरशीचा गेम खेळणारे तसे निघाले नाहीत. २०१४ मध्ये प्रिझबिल्स्की, रिचर्ड रायन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की गेम हिंसक असो वा नसो, बटणं मनासारखी चालत नाहीत आणि आपल्याला काहीच जमत नाही असं वाटू लागलं की खेळणारा चिडतो. कपाटाच्या दाराचा पोचा इथे समजतो.

हे कोल्हापूरकरांना नव्याने सांगायची गरज नाही. शाहू स्टेडियमवर पेठेच्या संघाचा सामना असला की त्या संध्याकाळी आवाज का चढतात, हे आपल्याला ठाऊक आहे. फुटबॉलमध्ये कुणी कुणाला गोळी घालत नाही. पेठेचं नाव, हार आणि चारचौघांत झालेली नाचक्की एवढं तापायला पुरतं. उलट तालमीत तर एकमेकांना उचलून आपटायचंच शिकवतात आणि तरी आपण पोराला बिनधास्त तिथे घालतो. कारण तिथे वस्ताद असतो, मातीच्या बाहेर हात उचलायचा नाही हा दंडक असतो, आणि हरलेल्याला पुन्हा उभं करायची रीत असते. कट्ट्यावर फोन घेऊन बसलेल्या पोरामागे असं कुणीच नसतं. गेममधल्या बंदुकीपेक्षा मला ही उणीव जास्त खटकते.

वडिलांसमोर मी आणखी एक अभ्यास ठेवला, थोडा जपूनच. एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ मध्ये मुलांना हाताने मार देण्यावरचे ७५ अभ्यास एकत्र पाहिले, त्यांत सुमारे एक लाख साठ हजार मुलं होती. तपासलेल्या १७ परिणामांपैकी १३ शी माराचा संबंध दिसला, त्यांत मुलांची आक्रमकताही होती. इथेही परिणाम प्रचंड नाही, आणि इथेही प्रश्न उरतो की मारामुळे मूल आडदांड झालं की आडदांड मुलाला मार जास्त पडला. गेमला लावतो तीच फूटपट्टी इथेही लावायला हवी. पण ती लावल्यावर एवढं नक्की म्हणता येतं, की गेमचा दोष ज्या पुराव्यावर आपण पक्का धरतो, त्याहून कमकुवत नसलेला पुरावा माराच्या बाबतीत समोर असताना आपण तिकडे पाहतही नाही. वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आमच्या बापानं आम्हाला पट्ट्यानं हाणलंय. आम्ही कुणाला बाटली मारली न्हाई.” मी वाद घातला नाही. पण ते उठून गेले नाहीत, हे मी टिपून ठेवलं.

काय केलं आणि काय झालं

सर्वांत आधी माफी. मुलगा आईबरोबर त्या मुलाच्या घरी गेला. दवाखान्याचा खर्च वडिलांनी दिला होता. स्किनसाठी, म्हणजे गेममधल्या सजावटीसाठी, साठवलेले पैसे मुलाने स्वतःहून वडिलांच्या हातावर ठेवले. रक्कम क्षुल्लक होती, पण त्याच्याकडे तेवढेच होते. त्याला एक गोष्ट स्पष्ट सांगितली: तुझा अपमान झाला, हे खरं. बाटली तुझ्याच हातात होती, हेही तितकंच खरं. गेमवर ढकलायचं नाही आणि पप्पांवरही ढकलायचं नाही.

घरचा नियम मिनिटांवरून मॅचवर आणला. ‘आत्ताच्या आत्ता ठेव’ म्हणायचं नाही, ‘ही संपव, नवी टाकू नकोस’ म्हणायचं. त्याने नवी मॅच सुरू केली तर दुसऱ्या दिवशी फोन मिळणार नाही, हे त्याने स्वतः वहीत लिहून खाली सही केली. सगळ्या उपायांमध्ये हा एक नियम सर्वांत उपयोगी पडला, आणि तो कुठल्याही घरात बिनखर्चाचा आहे. रात्री दहानंतर फोन आजीच्या उशाशी. शाळेत टाकीपाशी मधल्या सुट्टीत एक शिक्षक उभे राहू लागले.

वडिलांचा हात हा सर्वांत अवघड भाग होता. रात्रपाळीच्या आठवड्यात त्यांनी मुलाच्या फोनचा विषय काढायचाच नाही, जे काय ते आई बोलेल, असं ठरलं. त्यांनी ते बरंचसं पाळलं. एकदा पुन्हा हात उठला. ते त्यांनी स्वतः येऊन सांगितलं. पूर्वी हेच त्यांनी सांगितलं नसतं.

दुसऱ्या सत्राच्या अखेरीस वहीतले भडके कमी झाले होते. लुडोवरची भांडणं चालूच होती. खेळण्याचे तास फारसे कमी झाले नाहीत, आणि गणितातले मार्क होते तिथेच राहिले. झोप सुधारली. ज्याला लागलं तो मुलगा याच्याशी अजून बोलत नाही, आणि त्याने बोलावंच असा आग्रह मी धरलेला नाही. व्रण त्याच्या भुवईवर आहे. त्याच्याशीही मी वेगळा बोललो, पण ते इथे लिहिणं बरोबर नाही.

मुख्याध्यापकांकडे मी नोंदवहीतली ओळ बदलायची विनंती केली. जुनी नोंद खोडता येत नाही म्हणाले, पण खाली पुरवणी नोंद घेतली. तिच्यात घटनाक्रम आहे: आदल्या दिवशीचा मार, शाळेतली टवाळी, बाटली. कारणाचा रकाना त्यांनी कोरा ठेवला. मला ते आवडलं.

आईला मात्र मी पूर्ण पटवू शकलो नाही, आणि तिचा शेवटचा मुद्दा बिनतोड आहे. ती म्हणाली, “तुमचं सगळं ऐकलं सर. पण गेम नसता, तर त्या दिवशी ते कट्ट्यावर बसलंच नसतं, मार खाल्लाच नसता आणि पुढचं काहीच झालं नसतं.” बरोबर आहे. साखळीत गेमची कडी आहेच. मी तिला एवढंच म्हटलं, की ती कडी बंदुकीची आणि रक्ताची नाही. मध्येच सोडता न येणाऱ्या मॅचची, रात्र खाणाऱ्या फोनची आणि चौघांपुढे हरण्याची आहे. उद्या त्याने शर्यतीचा गेम घेतला तर तिचा जीव भांड्यात पडेल, आणि वहीत मात्र तेच भडके दिसतील. त्यावर ती म्हणाली, “मग वही चालूच ठेवते.” धाकटीसाठीही तिने एक वेगळी वही केली आहे, कारण आता फोन तीही मागू लागली आहे.